गोलकीपरचा दहावा

ठकुबाईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पोटचा पोर चिकपेटेच्या संघाचा गोलकीपर, गल्लीतली म्हातारीकोतारी माणसंसुद्धा त्याच्या नावानं टाळ्या पिटायची, आणि ही बाई आपली विचारायची, "बाकीचे सगळे पळतात, मग माझ्याच पोराला एका जागी का उभं करतात हो? काय चूक केली त्यानं?" परसू शिंप्यानं तिला एकदा दुपारभर बसून समजावलं. तिनं मान डोलवली, कानडीत "सरी, सरी" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं.

तिचं जग म्हणजे सुई, दोरा आणि काजं. नवरा रघुजी तापानं गेला तेव्हा बसवंत रांगत होता. तेव्हापासून घाऊक कापडवाल्यांच्या शर्टांना काजं करून, बटणं लावून तिनं त्याला वाढवलं. बोटांची पेरं सुईनं भोकं भोकं झालेली, पण तोंडानं कधी रड नाही. उलट जीभ अशी तिखट, की काज वाकडं झालं म्हणणाऱ्या मुकादमाला ती दारातच विचारायची, "शर्ट घालणारा सरळ आहे का, ते बघून या आधी."

फुटबॉल हा खरं तर पलीकडच्या कॅन्टोन्मेंटचा खेळ. पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारवस्तीतल्या माणसाला भजन ठाऊक, तालीम ठाऊक. पण वासुदेवराव कापडवाल्यांच्या डोक्यात एकदा आलं, की आपलाही संघ हवा. मोठा माणूस. चिकपेटेत त्यांची पेढी, म्हैसूरपर्यंत माल जायचा, सगळी पेट त्यांना अण्णा म्हणायची. त्यांनी संघाला बूट दिले, जर्स्या दिल्या, आणि खेळाडूंना आपल्या पेढीवर नोकऱ्या दिल्या. नोकरी म्हणजे काय, सकाळी थोडं कापड मोजायचं आणि दुपारनंतर मैदानावर जायचं. पगार कापडाचा नव्हता, चेंडूचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. बसवंत त्यातला पहिला. उंच, हाताचे पंजे सुपाएवढे, बोलायला कमी. अण्णांच्या गळ्यातला ताईतच तो.

आणि लोक तरी कसले! आमच्या मराठी गल्ल्यांतली भजनी मंडळी टाळ घेऊन मैदानावर जायची. गोलच्या मागे, बसवंतच्या पाठीशी उभी राहायची. त्यानं चेंडू अडवला रे अडवला, की टाळांचा असा कल्लोळ उठायचा, की समोरच्या संघाचे गोरे-काळे सगळे कानावर हात ठेवायचे. परसू त्या सगळ्यांचा म्होरक्या. जर्स्या शिवायचा तो, आणि त्यांच्या गळ्याची काजं करायची ठकुबाई.

ते साल सत्तावन्न-अठ्ठावन्नचं असेल. चषकाचा शेवटचा सामना, समोर एका मोठ्या कारखान्याचा संघ. बरोबरी चालली होती. शेवटी शेवटी एक चेंडू आला, अगदी लोळत लोळत, म्हातारीनं पायानं ढकलावा तसा. बसवंत खाली वाकला, चेंडू त्याच्या हातात आला, आणि हातातून सुटून मागे गेला.

लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चपला मारल्या असत्या तरी चाललं असतं. पण गोलच्या मागे उभी असलेली ती सगळी मंडळी गप्प झाली. टाळ गळ्यात तसेच लोंबत राहिले. परसू पुढं आला आणि हळूच म्हणाला, "मंगळवारी तुला त्या कारखान्याच्या फाटकात बघितलं होतं मी. काखेत पुडकं होतं. तेव्हा वाटलं, असेल काही काम." बसवंतनं त्याच्याकडं बघितलं, आणि काही बोलला नाही. तो बोलला नाही, हेच लोकांनी उत्तर धरलं.

ठकुबाईनं घरी विचारलं, "सुटला, की सोडलास?"

"सोडला," बसवंत म्हणाला.

"का रे बाबा?"

त्यावर तो भिंतीकडं तोंड करून निजला तो निजलाच. आईनं परोपरीनं विचारलं, चिडली, रडली, शेवटी त्याच्या पाठीवर एक धपाटाही घातला. छे! खाल्ल्या मिठाला जागणारा पोर. कुणाचं मीठ, एवढंच तिला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पेढीच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांसमोर हात झटकले. "अशा माणसाला माझ्या पेढीत जागा नाही. संघाला लागलेला डाग मी धुऊन काढीन," म्हणाले. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं म्हणे. लोकांना वाटलं, बघा, देवमाणूस!

मग सुरू झालं ते ऐकताना आजही अंगावर काटा येतो. बसवंत रस्त्यानं निघाला, की लोक त्याला शिवी देत नव्हते, रस्ता बदलत नव्हते. ते त्याला बघतच नव्हते. हॉटेलात तो बाकावर बसला, तर कॉफी त्याच्या डावीकडच्याला आणि उजवीकडच्याला यायची. न्हाव्यानं त्याच्या पुढ्यातून दुसऱ्याला बोलावलं. बरं, ठरवून केलं म्हणावं, तर कुणी कुणाशी बोललेलंही नव्हतं. एकदा समोरून येणारा हमाल त्याच्या अंगावर आदळला, थांबला, आजूबाजूला बघितलं, आणि कपाळ चोळत पुढं गेला. ठकुबाई शेजारीच होती. "अय्यो, आंधळा झालास की काय!" ती ओरडली. हमालानं तिच्याकडं बघून म्हटलं, "अक्का, कशाला तरी अडखळलो बघा."

तोवर परसूच्या डोक्यात आणखीच भलतं शिजलं होतं. सामन्याला आठ दिवस झाले आणि भर सकाळी गल्लीतून तिरडी निघाली. पुढं मडकं धरून परसू, मागे भजनी मंडळी. तिरडीवर पेंढ्याचं बाहुलं, अंगात गोलकीपरची जर्सी. ठकुबाई दारात काज करत बसली होती. बाहुलं समोरून गेलं तेव्हा तिला गळ्याचं काज दिसलं. तिनंच केलेलं होतं. तिच्या हातातली सुई बोटात गेली, पण तिला कळलंही नाही. आपल्या जित्या पोराची प्रेतयात्रा बघायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

लोक हसत होते का? हसत असते तर ती त्यांच्यावर शेणाचा गोळा घेऊन धावली असती. पण कुणी हसत नव्हतं. खाली माना घालून, खरोखरीच्या मयताला जावं तशी माणसं चालली होती. आत बसवंतनं विचारलं, "कोण गेलं गं?" ठकुबाईनं दार लोटून घेतलं.

त्या दिवसापासून त्यानं अन्न सोडलं. हट्टानं नव्हे. घास तोंडात घालायचा, चावायचा, आणि म्हणायचा, "लागतच नाही गं काही. माती खाल्ल्यासारखं वाटतंय." पोराचे सुपाएवढे पंजे चादरीवर नुसते पडलेले असायचे. ठकुबाईनं सगळं करून बघितलं. मीठ-मिरच्या उतरवल्या, यल्लम्माला नवस बोलली, दवाखान्यातून बाटली आणली. तिला आता दुसरं काही नको होतं. चषक नको, नोकरी नको, पोर पूर्वीसारखा चारचौघांत बसावा, कुणी त्याला नावानं हाक मारावी, एवढंच.

तिरडी निघाल्यापासून दहाव्या दिवशी मंडळी केंपांबुधी तळ्यावर दहावा करायला निघाली, हे कळल्यावर तिनं पदर खोचला आणि मागोमाग गेली. बायका अशा ठिकाणी जात नाहीत. पण तिचा पोर घरात श्वास घेत होता, तिला कसला आलाय रिवाज! चांगलं तोंड सोडायचं ठरवून गेली होती. तिथं पोचल्यावर मात्र ती पिंपळाच्या बुंध्याशी मटकन खाली बसली. कुणीही तिच्याकडं वळून बघितलं नाही.

परसूला हौस दांडगी. त्यानं भात शिजवून आणला होता, काळे तीळ घालून पिंड मळला, दर्भ ठेवला, आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं, "बसवंत रघुजी," आणि गोत्रही. वासुदेवअण्णा मुद्दाम मोटारीनं आले होते. संघ त्यांचा, म्हणून मान त्यांचा. छत्री धरून बाजूला उभे होते.

कावळे होते. पिंपळ भरून होते. पण एकही खाली येईना, आणि एकही ओरडेना. फांदीफांदीवर बसून खाली नुसते बघत राहिले.

"पुढच्या वर्षी चषक आणतो रे," कुणीतरी पिंडाकडं बघून म्हणालं. थट्टेच्या सुरात म्हणायला गेला, पण आवाज कापला. कावळा हलला नाही. दुसऱ्यानं म्हटलं, "तुझ्या आईला बघू आम्ही." काही नाही. ऊन चढत गेलं. परसूच्या कपाळावरून घाम निथळायला लागला.

तेवढ्यात तळ्यावर स्नानाला आलेले भीमाचार्य ओलेत्यानं वर आले. पेटेतले जुने भटजी. समोरचा प्रकार बघून त्यांचं तोंड पांढरं पडलं. "गाढवांनो, हे काय मांडलंत?"

"थट्टा आहे आचार्य," परसू म्हणाला.

"थट्टा करायची होती तर खोटं नाव घ्यायचं होतंस. नाव खरं घेतलंस, गोत्र खरं सांगितलंस, पिंड रीतसर मळलास. आता कावळा शिवल्याशिवाय कुणाला उठता यायचं नाही. उठलात, तर ज्याच्या नावानं मांडलंय तो तुमच्या मागोमाग घरी येईल."

"मग दर्भाचा कावळा करून शिववा की," परसू काकुळतीला आला.

"तो मेलेल्यासाठी असतो. जित्यासाठी कुठल्या पोथीत लिहिलाय?" असं म्हणून आचार्य जे निघाले, ते मागं न बघता गेले.

आता सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कुणी उठेना. आणि हळूहळू, काही न ठरवता, एकेकाची नजर अण्णांकडं वळली. का वळली? आतून प्रत्येकाला काही वाटत होतं, ते आत्ता वर आलं. त्या कारखान्याच्या कामगारांच्या खाकी गणवेशाचं कापड नुकतंच कुणाच्या पेढीवरून जायला लागलं होतं, हे पेटेत कुणाला ठाऊक नव्हतं? पण अण्णांचं बोट धरून मोठे झालेले लोक, मूग गिळून बसले होते.

अण्णांनी छत्री मिटली. चार पावलं पुढं आले, पिंडाजवळ उकिडवे बसले आणि अगदी हळू काहीतरी पुटपुटले. मंडळींना ऐकू गेलं नाही. पण ठकुबाई बुंध्याशी होती, हातभर अंतरावर. तिनं शब्द न् शब्द ऐकला.

"बसवंता, चेंडू सोडायला मीच सांगितलं होतं तुला. कापडाच्या नमुन्याचं पुडकं घेऊन मीच पाठवलं होतं. पुढच्या वर्षी गोलमध्ये तूच उभा राहशील. जा आता बाबा."

शब्द तोंडातून निघतात न निघतात तोच एक कावळा दगडासारखा खाली आला. पिंडाला चोच लावली आणि गेला. सगळ्या पिंपळावर एकदम कालवा उठला. मंडळी उठली ती पळतच सुटली. अण्णांची छत्री तिथंच राहिली.

ठकुबाई पाय ओढत घरी आली. बघते तर बसवंत अंथरुणावर उठून बसलेला, तोंडावर टवटवी. "आई, भूक भागली गं," म्हणाला. "आत्ता, थोड्या वेळापूर्वी. तोंडात भाताची चव आली बघ. तिळाची."

घरात त्या दिवशी चूल पेटलेली नव्हती. ठकुबाईनं उंबऱ्यातच बसकण मारली.

जरा सावरल्यावर ती म्हणाली, "अण्णांनी कबूल केलं रे. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"कुणासमोर?"

"तुझ्या पिंडासमोर."

बसवंत हसला. तसं हसणं तिनं त्याच्या तोंडी कधी ऐकलं नव्हतं. "मग मला कशाला सांगतेस? माझ्यापर्यंत पोचलं ते," म्हणाला.

ती पेढीवर गेली. एकदा नव्हे, वरचेवर गेली. "अण्णा, तळ्यावर बोललात ते इथं पायरीवर बोला. पोराला हाक मारून बोला," एवढंच तिचं मागणं. अण्णा कधी आतल्या खोलीत असायचे, कधी गावाला. एकदा सापडले, तेव्हा हात जोडून म्हणाले, "अक्का, स्वल्प दम धर. जर्सी त्याचीच आहे. पण एवढं बोलायला लावू नकोस, सगळा धंदा बसेल माझा." मोठा माणूस म्हणे! तळ्यावरच्या कावळ्याला जे सांगता आलं, ते चार गिऱ्हाइकांसमोर सांगताना याची वाचा बसली.

इकडं संघाचे हाल झाले. नवा गोलकीपर आणला, कॅन्टोन्मेंटमधला नावाजलेला. पहिल्याच सामन्यात तो अर्ध्यावर बाहेर आला. "गोलमध्ये आधीच कोणीतरी उभं आहे," म्हणाला. "मी डावीकडं झेपावलो की तो अंगावर येतो." लोकांनी वेड्यात काढलं. त्याच्या जागी दुसरा आला, तोही टिकला नाही. टाळवाल्यांनी गोलमागची जागा सोडली. त्यांना म्हणे तिथं मानेवर गार वाटायचं. आणि पेढीच्या उंबऱ्यावर रोज सकाळी एक कावळा येऊन बसायला लागला. ओरडायचा नाही, काही टाकलं तर खायचाही नाही. अण्णा वाळत चालले.

शेवटी, नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी, एका दुपारी परसू आणि मंडळी ठकुबाईच्या दारात आली. परसूच्या हातात घडी केलेली कोरी जर्सी होती.

"अक्का, अण्णांनी पाठवलंय. आमचं चुकलं. पायावर डोकं ठेवतो, पण बसवंतला पाठव. सगळी पेट वाट बघतेय त्याची."

वर्षभर याच शब्दांसाठी बाई झुरली होती. तरी तिनं विचारलं, "अण्णा काय म्हणाले? चेंडू कुणी सोडायला लावला, ते सांगितलं त्यांनी?"

परसूनं मान खाली घातली. "ते आता सगळ्यांना माहीतच आहे अक्का. बोलून कशाला दाखवायचं?"

"मग तुम्ही तरी बोला. त्याच्या तोंडावर बोला, की तुझा दोष नव्हता."

"बोलतो. आत्ता बोलतो. त्यासाठीच आलोय," परसू कळवळून म्हणाला. खोटं नव्हता बोलत तो बिचारा.

आत बसवंत भाकरी खात होता. त्यानं ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि बाहेर आला. आईच्या शेजारी, दारात, भर उजेडात उभा राहिला. ठकुबाईच्या जिवात जीव आला. आता परसू त्याला मिठी मारेल, आणि सुटलो आपण यातून, असं तिला वाटलं.

परसू दाराकडं बघत होता. डोळे बसवंतच्या छातीवरून, चेहऱ्यावरून फिरले आणि मागच्या भिंतीवर जाऊन थांबले. बाकीच्यांचेही तसेच.

"बोला ना," ठकुबाई म्हणाली.

"बोलतो की अक्का," परसू म्हणाला. "बोलाव ना त्याला बाहेर. कुठं आहे?"

बसवंतनं हात पुढं केला. परसूच्या हातातली जर्सी धरली आणि ओढली. परसूच्या हातून ती सुटली. तो दचकून मागं सरला, त्यानं पायाशी बघितलं, आजूबाजूला बघितलं. मागचा एकजण रामरामराम म्हणत गल्लीतून धूम पळाला.

ठकुबाईला काय ते कळलं. ती ओरडली नाही. एवढी तिखट जिभेची बाई, पण आवाज अगदी शांत निघाला. "तुम्हीच पोचवलात ना त्याला? रीतसर पोचवलात. कावळा शिवला. मग आता मेलेल्याला न्यायला का आलात? जा घरी."

मंडळी गेली. गल्लीच्या टोकाच्या नळावर थांबून एकेकानं पायांवर पाणी घेतलं, चूळ भरली, मयताच्या घरून निघाल्यावर करतात तसं. ठकुबाईनं दार लावून घेतलं.

बंद दारामागे अंधारून आलं होतं. बसवंत अजून जर्सी हातात धरून उभा होता.

"आई," तो म्हणाला, "तुला मी दिसतो ना?"

"दिसतोस की रे, राजा," ती म्हणाली. पण ते म्हणायच्या आधी तिनं हात पुढं करून त्याचा चेहरा चाचपून बघितला होता, आणि ते त्याच्या लक्षात आलं.